नुसतं थेट प्रक्षेपण पुरणार नाही

"मुंबई महापालिकेच्या सभा यूट्यूबवर दाखवा, पण नागरिकांना ऑनलाइन जोडून बोलायला कशाला द्यायचं?" असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. बघणं आणि म्हणणं मांडणं यात फार फरक आहे.

२०२० साली कोविडमध्ये सभा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर झाल्याच होत्या, म्हणजे नागरिकांना ऑनलाइन जोडायची सोय अशक्य नाही. मार्च २०२२ नंतर तर काही वर्षं नगरसेवकच नव्हते, सरकारने नेमलेल्या प्रशासकाचा कारभार. तेव्हा प्रश्न विचारायचे कुणाला?

सुरुवात प्रभाग समितीपासून, म्हणजे त्या-त्या भागातल्या नगरसेवकांच्या समितीपासून करा. विषयपत्रिका आधी टाका, शेवटी थोडा वेळ नागरिकांना द्या. दहिसरला पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाईंनी तुंबलेल्या गटाराबद्दल दोन मिनिटं बोलण्यासाठी अर्ध्या दिवसाची कमाई का बुडवावी? आणि हो, साध्या फोनवरूनही जोडता आलंच पाहिजे.