मेंदूत तार घालायची, तर माकडाचा मेंदू कशाला पाहायचा?

रामबागकर: 'होळकरकालीन' यांनी काल लिहिले की डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत खोलवर तार घालून वीज देण्याचा उपचार, हा सर्वस्वी शस्त्रक्रियागृहात लागलेला शोध आहे आणि प्राण्यांच्या मेंदूंची तुलना करणारे फुकटचे श्रेय लाटतात. हे वाचून गप्प बसवेना. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात बनावट हेरॉईन टोचून घेतलेले काही तरुण पार्किन्सनच्या (कंप आणि ताठरपणा आणणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या) रुग्णांसारखे ताठरले आणि दोष एमपीटीपी या द्रव्याचा निघाला. माकडांना ते दिल्यावर जवळपास तोच आजार उभा राहिला. रॅटवर (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरावर) मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. १९९० मध्ये मेंदूसंशोधक डीलाँग यांच्या चमूने अशा माकडांचा सबथॅलॅमिक न्यूक्लिअस (मेंदूच्या खोल भागातला पेशींचा छोटा पुंजका) निकामी केला, तेव्हा त्यांची हालचाल सुधारली. १९९३ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलला माणसाच्या त्याच जागी तार गेली, हा काय योगायोग?

होळकरकालीन: आपण सोयीचे वर्ष निवडले आहे. १९८७ मध्ये फ्रेंच सर्जन बेनाबिद थॅलॅमसची (मेंदूच्या मध्यभागातल्या एका केंद्राची) शस्त्रक्रिया करताना जागा तपासण्यासाठी वीज देत होते आणि वारंवारता शंभर हर्ट्झच्या आसपास नेताच रुग्णाचा कंप थांबला. तिथे माकड कुठे होते? थॅलॅमसची जागा तर सर्जनांना माणसांवरील अनुभवातूनच कित्येक वर्षे ठाऊक होती.

लोकमान्यनगरवाली: श्रेय कोणाचेही असो, घरच्यांना नीट सांगतो कोण? माझ्या दिरांच्या मेंदूत ही तार घातल्यावर चमच्यातले पोहे न सांडता तोंडापर्यंत जाऊ लागले, तेव्हा जाऊबाई रडल्याच. पण आठवडाभरात दीर रात्री दोनला उठून कपाटे आवरू लागले, अखंड बोलू लागले आणि दोन स्कूटर बुक करून आले. त्यांचा स्वभावच तसा असेल, असे उत्तर मिळाले. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी तारेवरचा, वीज सोडणारा खालचा संपर्कबिंदू बंद करून वरचा चालू केला, तेव्हा ते ताळ्यावर आले.

होळकरकालीन: ताई, दिरांच्या स्कूटरींचा मूळ प्रश्नाशी काय संबंध?

लोकमान्यनगरवाली: ज्याच्या घरी निस्तरावे लागते, त्याला संबंध दिसतो. आपण खुर्चीत बसून वर्षे मोजा.

रामबागकर: संबंध तर थेट आहे. तो सबथॅलॅमिक न्यूक्लिअस जेमतेम घेवड्याच्या दाण्याएवढा. त्याचा वरचा-बाहेरचा भाग हालचालीशी आणि खालचा-आतला भाग भावनांशी जोडलेला असतो. ही वाटणी मुख्यतः माकडांतल्या तंतूंचा माग काढून उलगडली. ताईंच्या दिरांना मिलिमीटरचा फरक भोवला आणि आपण विचारता संबंध काय!

नारायणबाग: माझी तक्रार माकडाविषयी नसून रॅटविषयी आहे. माणसात कॉडेट आणि पुटामेन या मेंदूतल्या खोल भागांमधून इंटर्नल कॅप्सूल हा तंतूंचा जाड पट्टा जातो. रॅटमध्ये ते दोन्ही एकत्रच असतात. त्यांच्या शेजारच्या ग्लोबस पॅलिडसचा जो आतला भाग आपल्याकडे आहे, त्याच्या जागी त्याच्याकडे एन्टोपेडन्क्युलर न्यूक्लिअस आहे आणि तोही कॅप्सूलच्या तंतूंतच रुतलेला. तरीही पाण्यात सोडलेला रॅट हातपाय न गाळता पोहू लागला की नैराश्यावर इलाज सापडल्याचे मथळे छापतात! २००५ मध्ये टोरोंटोत मेंदूतज्ज्ञ मेबर्ग यांच्या चमूने नैराश्याच्या सहा रुग्णांच्या क्षेत्र २५ मध्ये (भावनांशी संबंधित मेंदूच्या भागात) तारा घातल्या आणि चौघांना दीर्घकाळ बरे वाटले. पुढे मोठी तुलनात्मक चाचणी मात्र फरक दिसत नसल्याने मध्येच थांबवावी लागली.

रामबागकर: ती चाचणी माणसांवरच फसली. त्याचे खापर रॅटवर का फोडता?

नारायणबाग: खापर मथळ्यांवर फोडतो आहे. रॅटमध्ये क्षेत्र २५ शी नेमके काय जुळते, यावर तज्ज्ञांतच एकमत नाही, आणि वर्तमानपत्रे मात्र जुळले असे धरून चालतात.

होळकरकालीन: ठीक आहे, १९९० चे श्रेय माकडाला दिले, घ्या, पेढे वाटा. १९८७ चे मात्र देणार नाही, आणि रॅटला तर काहीच नाही.

नारायणबाग: काहीच नाही म्हणणेही अतिच झाले. १९६८ मध्ये संशोधक उंगरश्टेट यांनी ६-हायड्रॉक्सीडोपामिन हे विषारी द्रव्य टोचून रॅटच्या डोपामिनच्या पेशी (पार्किन्सनमध्ये मरतात त्याच) मारल्या आणि ते प्रारूप आजही वापरात आहे. पेशींविषयी रॅटला जरूर विचारावे. तार किती मिलिमीटर खाली न्यायची, हे मात्र विचारू नये.