सिंगापुरात सगळा कचरा जाळलाच जातो, तर घरी वर्गीकरण कशासाठी करायचे?

बेडोकची नवी रहिवासी

नमस्कार. आम्ही चार महिन्यांपूर्वी कोथरूडहून सिंगापूरला आलो आणि बेडोकमधील एका जुन्या एचडीबी, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, इमारतीत राहतो. पुण्यात कचरा नेणाऱ्या ताई दारात येत आणि ओल्यात सुके मिसळलेले दिसले, तर दोन शब्द सुनावूनच बादली रिकामी करीत. त्यामुळे वर्गीकरण अंगवळणी पडले आहे. येथे स्वयंपाकघरातच शूटचे, म्हणजे कचरा थेट तळमजल्यावर सोडणाऱ्या नळीचे, झाकण आहे. ते उघडायचे, पिशवी सोडायची आणि विसरून जायचे. इमारतीखाली पुनर्प्रक्रियेच्या वस्तूंसाठी निळा डबा आहे, पण त्यातही कागद, काच, प्लॅस्टिक आणि धातू असे सगळे एकत्रच पडते. सासूबाई अजूनही संत्र्याच्या साली आणि चहाचा चोथा वेगळा साठवतात. तो द्यायचा कोणाला, हा प्रश्न रोज संध्याकाळी निघतो.

शेजारी म्हणतात की शेवटी सगळे जाळूनच टाकतात, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका. हे खरे आहे का? खरे असेल, तर एवढ्या शिस्तीच्या देशाने घरातील वर्गीकरण सक्तीचे का केले नाही? कारखान्यांनाही हीच मोकळीक आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना सिंगापूरकर

ताई, आपल्या शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. शूटमध्ये पडलेला कचरा जाळला जातो, परंतु "शेवटी" हा शब्द चुकीचा आहे, कारण शेवट जाळण्याने होत नाही.

सुमारे ७३५ चौरस किलोमीटरच्या देशात क्षेपणभूमीसाठी जागा ठेवणे परवडणारे नाही, हे येथील सरकारच्या फार लवकर लक्षात आले आणि उलू पांदान येथे कचरा जाळून वीज निर्माण करणारे पहिले केंद्र १९७९ मध्ये सुरू झाले. जाळल्यामुळे कचऱ्याचे आकारमान सुमारे नव्वद टक्क्यांनी घटते आणि देशाच्या गरजेपैकी दोन-तीन टक्के वीजही मिळते. मात्र उरलेल्या दहा टक्क्यांना कुठेतरी जागा लागतेच. मुख्य बेटावरील लोरोंग हालूसची क्षेपणभूमी १९९९ मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी एप्रिलपासून ही राख दक्षिणेकडे समुद्रात, पुलाऊ सेमाकाऊ येथे जाऊ लागली. सेमाकाऊ आणि साकेंग या दोन बेटांमधील समुद्राला सुमारे सात किलोमीटर लांबीचा बांध घालून ही साडेतीनशे हेक्टरची जागा तयार केलेली आहे. बांधाला आतून अभेद्य पडदा आणि समुद्री चिकणमातीचा थर दिला आहे, जेणेकरून राखेतील द्रव्ये बाहेरच्या पाण्यात झिरपू नयेत. तुआस येथून झाकलेल्या बार्जमधून दररोज सुमारे दोन हजार टन राख आणि जळू न शकणारा कचरा तेथे पोहोचतो. आत टाकलेल्या राखेवर माती पसरली की तेथे गवत आणि झाडे उगवतात. बांधकामाच्या वेळी बाधित झालेली खारफुटी पुन्हा लावली गेली आणि ती चांगली रुजली. देवनारच्या बाजूने नाक दाबून प्रवास केलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या बेटावर दुर्गंधी नाही यावर प्रत्यक्ष जाईपर्यंत विश्वास बसला नव्हता.

आता खरी अडचण. ही जागा २०४५ पर्यंत पुरेल असा पूर्वीचा अंदाज होता. कचरा वाढत गेल्याने तो २०३५ पर्यंत अलीकडे आला आहे. नवे सेमाकाऊ बांधायला समुद्र उरलेला नाही, कारण उरलेल्या पाण्यात जहाजांचे मार्ग आणि नांगर टाकण्याच्या जागा आहेत. म्हणून आपण निळ्या डब्यात टाकलेला प्रत्येक डबा किंवा बाटली ही त्या बेटावर न गेलेली राख आहे, असा हिशेब धरावा.

जुरोंगचा रसायन अभियंता

कारखान्यांविषयी मी लिहितो, कारण माझा रोजचा संबंध त्याच्याशी आहे. मोकळीक मुळीच नाही. वापरलेली द्रावके, आम्ले, जड धातू असलेला गाळ, टाकाऊ तेल इत्यादी "विषारी औद्योगिक कचरा" या वर्गात मोडतात आणि त्यासाठी १९८८ पासून स्वतंत्र नियमावली आहे. असा कचरा परवानाधारक संकलकाकडेच सोपवावा लागतो आणि प्रत्येक खेपेची नोंद कारखाना, वाहतूकदार आणि प्रक्रिया केंद्र अशा तिन्ही टप्प्यांवर राहते. मी नोकरीला लागलो तेव्हा या कागदपत्रांचा मला अतिशय कंटाळा येई. एका पिंपाचा हिशेब जुळेना म्हणून एकदा संपूर्ण दुपार गोदामात घालवली, तेव्हापासून तक्रार करीत नाही.

परंतु कारखाने कचरा वेगळा ठेवतात, त्यामागे धाक हे अर्धेच कारण आहे. २०२३ मध्ये देशात एकूण सुमारे ६८.६ लाख टन कचरा निर्माण झाला आणि त्यातील ५२ टक्के पुनर्प्रक्रियेला गेला. घरगुती कचऱ्यात हेच प्रमाण जेमतेम १२ टक्के होते, तर घरांव्यतिरिक्तच्या कचऱ्यात ६२ टक्के. बांधकामाचा राडारोडा आणि लोखंड जवळजवळ पूर्णपणे परत वापरले जाते, कारण फोडलेल्या काँक्रीटला आणि भंगाराला गिऱ्हाईक आहे. प्लॅस्टिकचे प्रमाण मात्र पाच टक्के आणि अन्नाचे अठरा टक्के. ज्याला भाव आहे ते परत येते, ज्याला नाही ते भट्टीत जाते. राखेतील लोखंड आणि ॲल्युमिनियमसुद्धा सेमाकाऊला पाठवण्यापूर्वी वेचून काढले जाते, यावरून काय ते समजावे.

क्लेमेंटी

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, परंतु ताईंचा मूळ प्रश्न, म्हणजे सक्ती का नाही, तसाच राहिला. माझ्या मते येथील कचरा-व्यवस्थेचे यशच तिच्या आड येते. पुण्यात कचरा दोन दिवस उचलला गेला नाही तर तो कोपऱ्यावर दिसतो, सडतो आणि माणसाला विचार करायला लावतो. येथे तो शूटमधून क्षणात अदृश्य होतो. शिवाय एका शूटवर अनेक मजल्यांची घरे असल्याने कोणती पिशवी कोणाची, हे ठरवणे अशक्य आहे, मग दंड करणार कोणाला? निळ्या डब्यातील सुमारे चाळीस टक्के ऐवज खरकटे, ओला किंवा अयोग्य असल्यामुळे वाया जातो, यालाही तीच निनावी सोय कारणीभूत आहे. उरलेली करी असलेला एक डबा खालच्या सगळ्या वर्तमानपत्रांची वाट लावतो.

म्हणून आता उपदेशाऐवजी पैशाचा मार्ग धरला जात आहे आणि तो मला योग्य वाटतो. ३ जुलै २०२३ पासून मोठ्या सुपरमार्केटमध्ये पिशवीमागे किमान पाच सेंट द्यावे लागतात. बाटलीबंद आणि डबाबंद पेयांवर दहा सेंटची अनामत घेऊन रिकामी बाटली किंवा डबा परत दिल्यावर ती परत करण्याची योजनाही आखण्यात आली, आणि तिच्या प्रारंभासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. आपल्याकडे सोड्याच्या बाटलीची अनामत दुकानदार वहीत लिहून ठेवीत असे, त्याचीच ही यंत्रयुगातील आवृत्ती. दारोदार फिरून जुनी वर्तमानपत्रे आणि बिघडलेले पंखे विकत घेणारा येथील "करुंग गुनी", म्हणजे आपला रद्दीवाला, हे सगळे पूर्वीपासून करीतच होता. त्याला योजनेत मानाचे स्थान मिळाले असते तर बरे झाले असते, पण ते जाऊ द्या.

बेडोकची नवी रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. राखेचे बेट ही गोष्ट मी घरी वाचून दाखवली. आता दोनच व्यावहारिक शंका उरल्या: सासूबाईंच्या साली आणि चोथ्याचे काय करावे, आणि पुण्याहून आणलेला मिक्सर जळाला आहे, तो कुठे द्यावा?

जुना सिंगापूरकर

मिक्सर शूटमध्ये किंवा निळ्या डब्यात टाकू नका. जुलै २०२१ पासून ठरावीक विद्युत उपकरणांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत संकलनपेट्या ठेवलेल्या असतात; मात्र कोणत्या पेटीत कोणती वस्तू चालते, हे तिच्यावर लिहिलेले असते, ते आधी पाहावे. फ्रिजसारखी मोठी वस्तू नवी घेतलीत, तर पोहोचवायला आलेल्या माणसांकडून जुनी विनामूल्य नेण्याची मागणी करा; तो आपला हक्क आहे.

सालींसाठी आपल्या वसाहतीतील सामुदायिक बागेत चौकशी करा. बऱ्याच बागांत खताची पेटी असते आणि तेथील आजी-आजोबा साली आनंदाने घेतात. फक्त चहाचा चोथा दुधाचा असेल तर तो आधी धुऊन द्या, नाहीतर मुंग्या लागतात आणि पहिल्याच दिवशी सासूबाईंना बोलणी खावी लागतील.