गाडीतला गॅसचा अलार्म रात्री तीनला वाजतो. बदलायचा की काढून ठेवायचा?

डिचोलीहून

नमस्कार. आमची जुनी ट्रॅव्हलर आम्ही राहण्याजोगी करून घेतली आहे. मागे पलंग, दाराजवळ दोन बर्नरची शेगडी, पाच किलोचा सिलिंडर. गाडी घेतली तेव्हाच तिच्यात जमिनीलगत गॅसचा आणि छताला धुराचा अलार्म बसवलेला होता. धुराचा अलार्म बांगडे तळायला घेतले की कोकलतो. गॅसचा त्याहून त्रासाचा. मेअखेर गाडी अंगणात लावली, तेव्हापासून कधीतरी रात्री तीन-साडेतीनला वाजतो. सिलिंडर बंद असतो, वास काहीच येत नाही. शेवटी यांनी फ्यूजच काढून ठेवला. चवथ झाली की सासूबाई आणि मुलीला घेऊन चोर्ला घाटातून बेळगावकडे जायचं आहे आणि फ्यूज नसलेल्या गाडीत त्यांना झोपवायला माझं मन होत नाही. टेस्टचं बटण दाबलं की दोन्ही खणखणीत वाजतात. म्हणजे ते ठीक आहेत ना?

पेडण्याचा प्रवासी

धुराचं सांगतो. शेगडीच्या अगदी वर असेल तर तो वाजणारच. छतावरच ठेवा, पण पलंगाच्या बाजूला न्या, कोपऱ्यात नको. नवा घेताना 'फोटोइलेक्ट्रिक' बघून घ्या, तळणीला तो कमी चिडतो. दर महिन्याला मऊ ब्रशने जाळी झाडा. पावसात बारीक किडे आत शिरतात आणि त्यानेही तो वाजतो.

फोंड्याहून

ताई, बटणावर विसंबू नका. बटण फक्त भोंगा आणि आतलं सर्किट तपासतं. गॅस ओळखणारा सेन्सर जिवंत आहे की मेला, हे त्यातून कळत नाही.

मी हे अनुभवाने सांगतोय. मोलेला मुक्काम होता, आदल्या दिवशी अनमोड घाटातली वळणं झाली होती. पहाटे बायको उठली ती "गॅस येतोय" म्हणत. अलार्म गप्प. एकही स्विच न दाबता, दिवासुद्धा न लावता, दारं उघडली, सगळ्यांना बाहेर काढलं, मग सिलिंडरचा कॉक बंद केला. उजाडल्यावर साबणाचं पाणी लावलं तर रेग्युलेटरच्या तोंडाशी नळीवर बुडबुडे. हादऱ्यांनी क्लिप सैल झाली होती. अलार्म काढून उलटा केला, तर मागच्या तारखेप्रमाणे त्याला नऊ वर्षं झालेली. त्या महिन्यातसुद्धा मी बटण दाबलं होतं आणि तो छान वाजला होता. झोपेत माणसाचं नाक काम करत नाही. बायकोला जाग आली म्हणून आम्ही आहोत.

तर आधी तुमचा अलार्म काढून मागची तारीख वाचा. गॅसचा साधारण पाच ते सात वर्षं चालतो, धुराचा दहा. ही वर्षं बनवल्याच्या तारखेपासून मोजायची, बसवल्याच्या नव्हे. म्हणून नवा घेतानाही दुकानातच तारीख बघा, जुना माल गळ्यात पडतो.

दुसरं, मे महिन्यात पावसाआधी छताच्या फटी सिलिकॉनने भरल्यात का? आपल्याकडे सगळेच भरतात. त्या सिलिकॉनच्या वाफेने असला सेन्सर कायमचा बधिर होऊ शकतो. डासांचा स्प्रे, केसांचा स्प्रे, रंगाचा थिनरही त्याला वाईट. लायटरचा गॅस सोडून तर कधीच तपासू नका. पुसायचा तो कोरड्या फडक्याने.

जागेचं म्हणाल तर आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. तो जमिनीवर साचतो, म्हणून अलार्म खालीच हवा, जमिनीपासून वीतभर. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र उशीच्या उंचीला. तो तुमच्याकडे दिसत नाही. एसीसाठी इंजिन किंवा शेजाऱ्याचा जनरेटर रात्रभर चालू असेल तर त्याच्या धुरातून हा विषारी वायू आत येऊ शकतो. त्याला ना वास ना रंग, आणि गॅसचा अलार्म त्याला ओळखत नाही. सासूबाई आणि मुलगी बरोबर आहेत, तो घ्याच. दोन्ही एकत्र असलेलेही मिळतात, ते कंपनीने सांगितलेल्या उंचीवर लावा. गाडीसाठी बारा व्होल्टचाच घ्या. घरात प्लगला लावायचा गाडीत उपयोगाचा नाही.

डिचोलीहून

दादा, वाचून अंगावर काटा आला. आत्ताच काढून बघितला, मागे मार्च २०१७. आणि हो, छताला सिलिकॉन मेमध्येच लावलं. पण मग मेलेला अलार्म रात्री वाजतो कसा?

मडगावचा मेकॅनिक

पावसात सोलर चालत नाही म्हणून घरातून चार्जर लावून ठेवता का? आणि बॅटरी पलंगाखाली आहे का? ॲसिडची बॅटरी जास्त चार्ज झाली की हायड्रोजन सोडते आणि गॅसचा सेन्सर त्यालाही दाद देतो. सेन्सर असा अर्धवट असेल तर कशाला वाजेल आणि कशाला नाही, याचा भरवसा राहत नाही. बॅटरीच्या पेटीला बाहेर उघडणारी हवेची वाट ठेवा आणि चार्जरचं व्होल्टेज मोजून घ्या. हा अलार्म दिवसरात्र थोडा करंट खातो, काहींचा शंभर मिलीअँपियरच्या आसपास. म्हणजे दिवसाला अडीच अँपिअर-तास. गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर सिलिंडर बाहेर काढा, मगच फ्यूज काढा, आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा. समुद्राकाठी राहिलात तर वायरच्या टोकांना हिरवा गंज चढतो, तोही बघत जा.

डिचोलीहून

चार्जर लागलेल्या रात्रीच वाजतो, हे यांना आठवलं. बॅटरी पलंगाखालीच आहे, बंद पेटीत. उद्या पेटीला बाहेरच्या बाजूने भोक पाडून घेतोय. गॅसचा नवा अलार्म आणि मोनॉक्साइडचा वेगळा, दोन्ही मागवले, हातात आले की आधी उलटे करून तारीख वाचणार. नळी आयएसआयवाली नवी घेतली आहे. तोवर सिलिंडर घराच्या मागच्या पडवीत, कॉक बंद. १९०६ हा गॅस गळतीचा नंबर मुलीने स्वतःच्या अक्षरात दारावर चिकटवला आहे.