बाहुली निघाली कुठे? मुलांना कपडे निवडायला शिकवण्याचे अनुभव

मूल स्वतःच्या हाताने कपडे घालायला लागलं की घरात नवा वाद सुरू होतो: आज घालायचं काय? भर उन्हात लोकरीची टोपी, पावसात कापडी बूट, झोपताना टिकल्यांचा फ्रॉक. बाहुलीला नटवण्याच्या खेळातून ही निवड शिकवता येते का? तुम्ही काय करून पाहिलंत, बाहुली कसली होती, काय जमलं, काय फसलं ते लिहा. नुसते सल्ले नकोत. (येणारच, पण निदान अनुभवाला जोडून यावेत.)

बालवाडीतली ताई

आमच्या वर्गात "हिला काय घालू या?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "गुलाबी!" म्हणून मी प्रश्न बदलला. ही कुठे निघाली आहे, बाहेर कसं आहे, आणि तिथे जाऊन ती करणार काय? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. मातीत खेळणार म्हटल्यावर मुलंच पांढरा फ्रॉक बाजूला ठेवतात.

दुसरं म्हणजे सुरुवात कपडे काढण्यापासून करते. मुलांना कपडे घालण्याआधी काढायला जमतं, आणि बाहुलीचंही तसंच आहे. बटणं, हुक, नाड्या यांचा सराव मात्र बाहुलीवर नको. तिची टिचबटणं लहान बोटांत धरतच नाहीत. त्यासाठी माँटेसरी पद्धतीत लाकडी चौकटींवर कापड लावून बटणं, बक्कल, नाडी असा एकेक प्रकार वेगळा दिलेला असतो, ते बरं. बाहुली विचार करायला, चौकट बोटांना.

एक बाबा

आमच्याकडे बाहुली नाही, अस्वल. खेळ रंगात आला असताना थंडीसाठी स्वेटर काढला, तर मुलगा म्हणाला, "त्याला तर केस आहेत, स्वेटर कशाला?" खरंच की!

मग बोलणं फर म्हणजे काय यावर गेलं. केसांमध्ये हवा अडकते, अंगाची ऊब त्या हवेमुळे पटकन बाहेर जात नाही. स्वेटरचंही तेच, आणि एका जाड कपड्याऐवजी दोन पातळ कपडे एकावर एक घातले तर मधल्या हवेचाही उपयोग होतो. हे त्याला तोंडी पटेना. शेवटी कोमट पाण्याच्या दोन सारख्या बाटल्या घेतल्या, एकीला लोकरीचा मोजा चढवला, दुसरी उघडी. थोड्या वेळाने हात लावून बघ म्हटलं. पुढच्या वेळी त्यानेच एका मोज्याला पाणी लावलं. ओला मोजा घातलेली बाटली भराभर गार झाली. भिजलेले कपडे लगेच का बदलायचे हे त्यानंतर मला वेगळं सांगावं लागलं नाही. सुती कापड तर पाणी धरून ठेवतं, त्यामुळे थंडीत घामाने भिजलेला सुती बनियन अंगावर राहिला की गारठा वाढतो. मलाही हे नीट तेव्हाच कळलं.

बाहुलीला थंडी वाजत नाही, ही या खेळातली मोठी अडचण आहे. बाटलीला निदान हात लावून पाहता येतं.

बाहुल्यांचे कपडे शिवणारी आजी

शिवणाऱ्यांसाठी थोडं. ती फॅशनवाली उंच बाहुली जेमतेम २९ सेंटिमीटरची, म्हणजे माणसाच्या साधारण एक षष्ठांश. पण कापड काही सहापट पातळ होत नाही! जीन्सचा तुकडा तिच्या अंगावर पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. जुना धुवट सुती कपडा किंवा मोज्याचा वरचा भाग घ्या. पाठ वरपासून खालपर्यंत उघडी ठेवा, पातळ वेल्क्रो लावा, आणि त्याची काटेरी बाजू केसांना लागणार नाही अशी वळवा.

बाहुलीच्या कपड्यांनाही गळ्याशी नाडी लावू नका, कारण मुलं तेच स्वतःवर करतात. टोपीची लोंबती नाडी घसरगुंडीत अडकून गळफास बसल्याच्या घटना घडल्या आहेत. अमेरिकेत १९९६ साली मुलांच्या कपड्यांतल्या नाड्यांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या त्या यासाठीच. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर बाहुलीचे चिमुकले बूट सरळ उचलून ठेवा. लोहचुंबकाने कपडे चिकटणाऱ्या बाहुल्या मी आणतच नाही. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात.

सातवीतल्या मुलीची आई, जरा विरोधात

आमच्याकडे हा खेळ फसला असं मी म्हणेन. लहानपणी लेक बाहुलीला अचूक कपडे घालायची, रेनकोटसकट. आणि स्वतः कडाक्याच्या थंडीत बिनबाह्यांचा फ्रॉक! बाहुलीला योग्य काय ते कळणं आणि स्वतःला तेच घालावंसं वाटणं यात फार अंतर आहे.

शिवाय या खेळात धडा घुसडायची मोठ्यांची हौस जुनी आहे. १८१० साली लंडनच्या एस. अँड जे. फुलर यांनी कागदी बाहुलीचं पुस्तक काढलं. डोकं एकच, ते वेगवेगळ्या पोशाखांत खोवायचं. गोष्ट कसली, तर नटण्यामुरडण्याचा सोस असलेल्या मुलीची कशी फजिती होते याची! कपडे बदलायची गंमत दाखवायची आणि त्याच पानावर नटू नको म्हणून कान धरायचा.

बालवाडीतली ताई

वरच्या आईंचं म्हणणं रास्त आहे. बाहुलीपासून कपाटापर्यंत पूल लागतो. आमच्या काही पालकांनी रात्रीच बाहुलीचे आणि मुलाचे उद्याचे कपडे शेजारी शेजारी काढून ठेवायला सुरुवात केली. मुलासमोर दोनच पर्याय, दोन्ही हवामानाला चालणारे. ऋतूबाहेरचे कपडे कपाटातून आधीच हलवलेले. त्यातून गुलाबी निवडलं तर निवडू दे की.

अजून एक आई

माझ्या मुलाला मानेजवळचं लेबल आणि मोज्याची शिवण सहन होत नाही. सकाळी नुसती रडारड. आम्हाला वाटायचं, हट्ट. एकदा खेळताना त्याने सशाचा सदरा काढून उलटा घातला आणि म्हणाला, "आता याला टोचत नाही." शिवण बाहेर! तेव्हापासून घरात मोजे उलटे चालतात, लेबलं उसवून काढतो, आणि दुकानात तो कपडा आधी गालाला लावून बघतो. ऊन-पाऊस नंतर.

मामा

मोबाइलवरच्या नटवायच्या खेळाबद्दल कुणी लिहिलं नाही. भाची खेळते. पाऊस नाही, चिखल नाही, बाही अडकत नाही, नुसते गुण मिळतात. वेळ जातो, बाकी काही नाही.

एक आई

आमच्या मुलीच्या एका पायाला आधाराची पट्टी असते, पोटरीपासून तळव्यापर्यंत. तिने बाहुलीलाही पुठ्ठ्याची तशीच करून घेतली. मग खेळाचे नियमच बदलले. तंग विजार बाद, कारण पट्टीवरून चढत नाही. पट्टीच्या आत लांब मोजा हवाच, नाहीतर कातडी घासते. बूट रुंद तोंडाचा. दुकानात आता "हे माझ्या पायावरून जाणार नाही" असं ती आमच्या आधी सांगते, न लाजता. फिजिओथेरपिस्टने समजावलेलं सगळं तिने त्या बाहुलीला समजावलं, आणि समजावताना स्वतःला पाठ झालं.

अस्वलवाले बाबा

आजी, एक अडचण आहे. आता अस्वल मागे पडलं, डायनासोर आलाय. शेपटीमुळे कुठलीच चड्डी बसत नाही. मुलाचं म्हणणं, पावसात तो उघडा जाणार नाही.

आजी

चड्डी सोडा, झगा करा. मागे मधोमध चीर ठेवा, शेपटीच्या वर एक वेल्क्रो आणि खाली एक. पावसासाठी फाटक्या छत्रीचं कापड वापरा, ते विणीचं असल्याने कात्रीने कापलं तरी कडा सुटतात, तेवढ्या दुमडून घ्या. शेपटीचा घेर मोजताना सुतळी धरायचं काम मुलालाच द्या.