मदत हवी आहे: जुन्या फोनवर चालेल असा वेगवान ब्राउझर

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, सिडकोत राहतो. मी आणि माझा एक मित्र मिळून अँड्रॉइडसाठी हलका ब्राउझर बनवतोय. लासलगावला माझे मामा कांद्याचे भाव फोनवर बघतात. २ जीबी रॅमचा फोन, पान उघडेपर्यंत लिलाव पुढे सरकलेला असतो. तिथून हे डोक्यात बसलं.

अडलंय ते इंजिनपाशी, म्हणजे वेबपान उघडून दाखवणाऱ्या भागापाशी. अँड्रॉइडमध्ये आधीच असलेलं वेबव्ह्यू इंजिन वापरलं तर ॲप काही एमबीत बसतं आणि इंजिनचे सुरक्षा अपडेट प्ले स्टोअरवरून आपोआप येतात. पण वेग मग मुख्यतः जाहिराती आणि ट्रॅकर (आपल्यावर नजर ठेवणारे कोड) अडवूनच वाढवता येतो. (तेवढ्यानेही बराच फरक पडतो, हे मामांच्या फोनवर पाहिलंय.) गेकोव्ह्यूत (फायरफॉक्सचं इंजिन) ताबा जास्त, पण ॲप जड होतं. क्रोमियम (क्रोम ज्यावर बनलंय तो खुला कोड) स्वतः बिल्ड करायचं तर १०० जीबीहून जास्त डिस्क लागते, शिवाय दर काही आठवड्यांनी येणारी नवी आवृत्ती आपल्या बदलांशी जुळवत बसायची. दोघांना ते झेपेल असं मला वाटत नाही. कुणी केलंय का?

दुसरं, प्ले स्टोअरवर नव्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टिंग (निवडक लोकांपुरती चाचणी) करून घ्यावं लागतं. निफाड, येवला, सिन्नरकडचे, जुना फोन वापरणारे कुणी तयार असाल तर कृपया कळवा.

२०२७ च्या कुंभमेळ्याआधी ॲप आणायचंय. गर्दीत नेटवर्कवर ताण येतो, तेव्हा हलकी पानं खरंच उपयोगी पडतील. नंतरचे अपडेट आधी १० टक्के लोकांनाच देऊन क्रॅश बघावेत, की थेट सगळ्यांना द्यावेत?