साखरपुड्याची अंगठी : खडा कोणता घेतला आणि आता कसा आहे? (अनुभव लिहा)

अंगठी करायचीय आणि हिराच हवा असा हट्ट आमच्या दोघांपैकी कुणाचाच नाही. दुकानात विचारलं की प्रत्येक खड्याबद्दल एकच उत्तर, "रोज वापरा, काही होत नाही". म्हणून ज्यांनी खरंच रोज वापरलीय त्यांच्याकडून ऐकायचंय. कोणता खडा, का घेतला, आणि आज त्याची अवस्था काय. किंमती नकोत. मोह्स स्केलचा (खड्यांच्या कडकपणाचा, 1 ते 10) तक्ता मी पाहिलाय, तो कृपया परत चिकटवू नका :)

*

नीलम. दगडांतलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं, पण एक केलं, प्रत्येक खडा दुकानातल्या दिव्याखालून उचलून दारापाशी नेऊन बघितला. त्या स्पॉटलाइटखाली सगळेच नीलम झगमगतात हो, बाहेर सावलीत धरले की निम्मे काळपट पडतात आणि संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात तर अजूनच. दुसरं म्हणजे खडा बोटावर ठेवून सरळ वरून बघायचा, मधोमध खालची कातडी आरपार दिसली तर कट उथळ आहे, उजेड परत वर येतच नाही. त्याला विंडो म्हणतात. आम्हाला सगळ्यात आधी आवडलेला खडा ह्याच कारणाने बाद झाला. सर्टिफिकेटवर 'हीटेड' बघून दचकू नका, बाजारातले बहुतेक नीलम तापवलेलेच असतात आणि तो रंग टिकतो. न तापवलेल्याचे पैसे मोजून तापवलेला गळ्यात पडू नये, एवढं बघायचं. आणि कॅरेटच्या मागे न लागता मिलिमीटर विचारा. नीलम हिऱ्यापेक्षा घन असतो, म्हणून एका कॅरेटचा नीलम एका कॅरेटच्या हिऱ्यापेक्षा दिसायला लहानच. बायको भांडी, बाग, जिम सगळीकडे घालून फिरते. सोन्यावर चरे आलेत, खड्यावर भिंगातूनही काही दिसत नाही.

*

लाल स्पिनेल. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे माणिक नाही का, नकली का मग?" नाही बाबा, हे वेगळंच खरं रत्न आहे. ब्रिटिश राजमुकुटात पुढे बसवलेला 'ब्लॅक प्रिन्स रूबी'पण माणिक नाही, स्पिनेलच आहे, हे मी आता पाठ करून ठेवलंय. मजबूत आहे, चमक मस्त, आणि बहुतेक स्पिनेलवर कसली प्रक्रिया केलेली नसते. अजून काय पाहिजे.

*

मी हॉस्पिटलमध्ये काम करते आणि माझी अंगठी पाचूची आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, पाचूबद्दल लोक अर्धवटच सांगतात. तक्त्यात पाचू साडेसात ते आठ, म्हणजे वाईट नाही. त्रास आहे तो आतल्या भेगांचा. जवळजवळ प्रत्येक पाचूत बारीक भेगा, जाळं असतंच आणि ते डोळ्यांना दिसू नये म्हणून आत तेल नाहीतर रेझिन मुरवलेलं असतं. ह्यात लपवाछपवी नसेल तर फसवणूक काही नाही, सगळीकडे चालतं, पण ते तेल कायमचं नसतं. गरम पाणी, साबण, सॅनिटायझर, माझ्या हातावर दिवसभर हेच, म्हणून ड्यूटीला जाताना काढूनच ठेवते.

एकदा स्वच्छ करायला दिली तर काउंटरवरच्या मुलाने न विचारता सरळ अल्ट्रासोनिक मशीनमध्ये टाकली, मी ओरडेपर्यंत मशीन सुरूपण झालं होतं. बाहेर काढली तर खड्यात आधी कधीच न दिसलेली पांढरट रेघ, तिरकी, एका कडेपासून जवळपास दुसऱ्या कडेपर्यंत. मी रडायच्या बेतात. खडा फुटला नव्हता, भेगेतलं तेल निघून गेलं होतं. पुढे एका जाणकार माणसाने परत तेल भरून दिलं आणि रेघ गेली, म्हणजे आहे तिथेच, दिसत नाही. इतकं होऊनही परत निवडायला सांगितलं तर पाचूच घेईन, तो हिरवा दुसऱ्या कशात नाही. पण ज्यांना अंगठी काढायचा कंटाळा आहे त्यांनी ह्या वाटेला जाऊ नये.

*

पाचूवाल्या ताईंना अनुमोदन, आमच्याकडे ओपल आहे आणि तो पाचूपेक्षा नाजूक. इथिओपियाचे बरेच ओपल पाणी शोषून घेतात, हे आधी वाचलं होतं म्हणून वाचलो, नाहीतर पोहून आल्यावर त्यातले सगळे रंग गायब होऊन खडा नुसता पारदर्शक काचेचा तुकडा झालेला बघून तिला धक्काच बसला असता. हळूहळू सुकला आणि रंग परत आले. साबण, तेल असलं काही आत गेलं तर मात्र डाग राहू शकतो म्हणे. वरचा भाग आता जरा मंद झालाय, बारीक चरे आहेत. साध्या धुळीतपण क्वार्ट्झचे कण असतात आणि ते ओपलपेक्षा कडक, त्यामुळे नुसती पुसतानासुद्धा चरे पडतात. आधी पाण्याखाली धरायची आणि मग पुसायची. (पाण्याखाली धरा आणि पाण्यात ठेवू नका, दोन्ही एकदम सांभाळायचं, असा हा खडा.)

*

मॉयसनाइट. हिऱ्याची स्वस्त नक्कल म्हणून नाही, मला तोच आवडला म्हणून घेतला. आन्री मॉयसाँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाला 1893 मध्ये ॲरिझोनातल्या उल्केच्या विवरातल्या नमुन्यांत हे सिलिकॉन कार्बाइड सापडलं, निसर्गात इतकं दुर्मिळ की दागिन्यातलं सगळं प्रयोगशाळेत बनवलेलं. उन्हात हात हलवला की हिऱ्याच्या दुपटीहून जास्त रंग फेकतो, काहींना ते भडक वाटतं, सासूबाईंना वाटतंच. गंमत म्हणजे एका दुकानात उगाच मशीन लावून बघितलं तर "हिरा" दाखवलं! ते साधं मशीन उष्णता किती पटकन वाहते तेवढंच मोजतं आणि त्यात मॉयसनाइट हिऱ्याच्या जवळपास जातो. भिंगातून तिरकं पाहिलं की मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, ते हिऱ्यात होत नाही. जुन्या खड्यांत एक प्रश्न येतो तो म्हणजे हिरवट-पिवळट झाक, नवीन खडे बरेच पांढरे असतात, तरी पांढऱ्या कागदावर ठेवून बघा.

*

लॅबमधला हिरा. कार्बनच, हिराच, फरक फक्त कुठे वाढला ह्याचा. परत विकायच्या हिशोबाने घेऊ नका एवढंच सांगेन. आणि हिरा सगळ्यात कडक म्हणजे फुटत नाही असं नाही हं, ठराविक दिशेने ठोका बसला तर टवका उडतो. चौकोनी प्रिन्सेस कट असेल तर चारही टोकांवर नख्या (खडा धरून ठेवणारे धातूचे आकडे) हव्यातच.

*

मोती. रोजची अंगठी म्हणून नको. घामाने, परफ्यूमने चमक जाते. माझी कपाटात आहे, सणासुदीला घालते, छान दिसते.

*

माणिक घेणाऱ्यांसाठी : आम्हाला मोठ्ठा, भडक लाल आणि आश्चर्यकारक कमी भावात दाखवला होता, विक्रेता खुशाल "नैसर्गिक" म्हणत होता. भावाने भिंग लावलं तर आत गोल गोल बुडबुडे. भेगा शिशाच्या काचेने भरलेला होता. असल्या खड्याला लिंबाचा रसपण खातो. सर्टिफिकेट मागितल्यावर "हे नंतर देतो" सुरू झालं, आम्ही उठलो.

*

खडे बसवण्याचं काम करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अंगठ्यांत खड्यापेक्षा नख्याच जास्त गेलेल्या असतात. रोज घासून घासून नखी कागदासारखी पातळ होते, मग स्वेटरमध्ये, केसांत अडकते आणि एक दिवस खडा गायब. कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारा, आत बारीक खुळखुळ ऐकू आली तर घालणं बंद करून आधी दाखवा. अजून एक, अंगठी सैल-घट्ट करून घ्यायची असेल तर खडा कोणता, हे आधी सांगा. सोनं जोडताना ज्योत लावतो, नीट काळजी घेतली तर हिरा, नीलम त्यातून निघतात, पाचू, ओपल, टांझानाइट काढूनच काम करावं लागतं, आणि काच भरलेल्या माणकाचं तर वाटोळं होतं.

*

धागाकर्ता : सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आम्ही दोघंही अंगठी काढायला विसरणारे, त्यामुळे पाचू आणि ओपल मनातून काढले (हिला वाईट वाटलं). निळा-हिरवा नीलम बघतोय, चारी बाजूंनी धातूची कड असलेल्या बेझलमध्ये. खडे बसवणारे दादा, बेझलमध्ये रंग अजून गडद दिसतो का?

*

दिसतो. बाजूने उजेड कमी येतो. म्हणून खडा मनात आहे त्यापेक्षा एक छटा फिका घ्या आणि कारागिराला मागची बाजू उघडी ठेवायला सांगा. साफ करायलापण बरं पडतं.