सेलचं मॉडेल: लोड काढल्यावर व्होल्टेज रांगत वर येतं, ते कसं धरायचं?

कळव्याचा वायरमन
मुलाची इलेक्ट्रिक सायकल माजिवड्याचा पूल चढली की चार्जच्या तीन कांड्यांची एक होते, खाली उतरली की पुन्हा तीन. डिस्प्ले नुसतं व्होल्टेज बघतो, एवढं कळलं. म्हणून एक्सेलमध्ये सेलचं मॉडेल करायला बसलोय. निवृत्तीनंतर दुसरं काय!

जुन्या पॅकमधला 2.6 अँपिअर-तासाचा 18650 सेल (बोटाएवढा गोल लिथियम-आयन) घेतला. निवांत असताना 3.92 व्होल्ट. 2 अँपिअरचा लोड टाकताच 3.78, मिनिटभरात 3.72. लोड काढताच 3.86, मग रांगत रांगत 3.91. माझ्या मॉडेलमध्ये सिरीजला एक रेझिस्टर, बस. त्यात उडी दिसते, रांगणं नाही. आणि 3.92 ला परत का येत नाही? मीटर दोनच दशांश दाखवतो, हसू नका.

नेरुळकर
काका, उडी रेझिस्टरची. रांगणं आत आयन सरकायला वेळ लागतो त्याचं. सिरीजमध्ये अजून एक रेझिस्टर घाला आणि त्याला समांतर कपॅसिटर. उडी 0.14 भागिले 2, म्हणजे 70 मिलिओम. रांगणं 0.05 भागिले 2, म्हणजे 25. आता त्या 0.05 पैकी 63 टक्के चढायला, म्हणजे 3.89 गाठायला किती सेकंद लागतात ते बघा. सेकंद भागिले 0.025 केलं की फॅरड. आकडा शेकड्यांत येईल, दचकू नका. एवढा कपॅसिटर आत कुठे नसतो, हिशेबापुरता.

0.01 गेलं कारण मिनिटभर 2 अँपिअर ओढलेत. सव्वा टक्का चार्ज संपला.

रबाळे पॅकवाला
70 जास्त वाटतात. मगरक्लिपा लावल्यात ना? मीटरच्या वायरी वेगळ्या घ्या, थेट सेलच्या टोकांवर. आणि हे आकडे एवढ्याच चार्जचे. सेल रिकामा होत आला की रेझिस्टन्स वाढतो, थंडीतही वाढतो. चार्जच्या दर 10 टक्क्यांना पल्स घ्या, म्हणजे असाच मिनिटभर लोड टाकून काढा; आधी अर्धा तास तरी सेल नुसता पडून राहू द्या. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल असता तर मधल्या पट्ट्यात व्होल्टेज जवळजवळ सपाट. तिथे अँपिअर-तास मोजल्यावाचून सुटका नाही.

कळव्याचा वायरमन
उडी 0.08 वर आली! 40 मिलिओम. उरलेले 30 माझ्या क्लिपांचे, आणि जन्मभर लोकांची लूज कनेक्शनं शोधली. रांगणं तेवढंच. 3.89 ला 18 सेकंद, म्हणजे 720 फॅरड.

पुलावर 12 अँपिअर जातात, तीन सेल समांतर, म्हणजे सेलला 4. गुणिले 65 मिलिओम (40 अधिक 25), 0.26 व्होल्ट. सिरीजला दहा, म्हणजे 36 व्होल्टच्या पॅकवर 2.6 व्होल्ट. दोन कांड्या तिथेच गेल्या. बाकीचे पल्स रविवारी. ओट्यावरून सेल उचला असा घरून हुकूम आलाय.